तारामती ते मिसेस ब्रगँझा : दुर्गाबाई खोटे यांची पडद्यावरची पन्नास वर्षे



या अंकात दुर्गाबाई खोटे यांचे एखादे छायाचित्र द्यावे असा आमचा विचार होता. पण आपले वार्तापत्र निघते झेरॉक्स मशीनवर. गेल्या वेळी गणेशोत्सवाचे फोटो दिले, तेव्हा आरती कोण करते आहे आणि त्यात समई कोणती, हे ज्यांनी फोटो काढले त्यांनाही सांगता येईना! म्हणून यावेळी फोटोची हौस बाजूला ठेवून शब्दांतच चित्र काढण्याचा प्रयत्न केला आहे. गोड मानून घ्यावा.

हा विषय सुचला तो एका शुक्रवारी. रुवीतल्या आमच्या स्नेह्यांकडे दुपारी जेवायला आम्ही आठदहा मंडळी जमलो होतो. श्रीखंड-पुरीने डोळे जड झालेले, बाहेर ऊन रणरणते, एसी घरघरतो आहे, आणि गप्पांना निवांत रंग चढलेला. तेवढ्यात घरच्या लेकीने, गणपतीत मुलांच्या नाटकात जिने सर्वांची वाहवा मिळवली तिने, बारावीनंतर आपल्याला नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम करायचा आहे असे जाहीर केले. वडील गप्प झाले. आई म्हणाली, "आधी डिग्री, मग बाकीचं." तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आजी मात्र स्पष्टच बोलल्या, "नाटक हौसेपुरतं ठीक गं. पण पोटासाठी तोंडाला रंग लावायचा, हे आपल्यासारख्यांच्या घरात बसत नाही."

आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "आजी, मग दुर्गाबाई खोटे?"

आजींनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "त्यांची गोष्ट वेगळी. त्या म्हणजे साक्षात राजमाता!"

सगळे हसले आणि विषय चहावर गेला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. कारण आजींनी नातीला जे ऐकवले, नेमके तेच वाक्य १९३१ साली मुंबईत दुर्गाबाईंविषयी बोलले जात होते. ज्यांना आपण 'वेगळ्या' म्हणून बाजूला काढतो, त्या वेगळ्या कशा झाल्या, हे आपल्या घरांतून सांगितले जावे म्हणून हा लेख.

लाडांची मुलगी, खोट्यांची सून

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे आडनाव लाड. कुटुंब मूळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलणारे. वडील मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. मुलीला त्यांनी कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात घातले. त्या काळी मुलीने चार इयत्ता शिकणे हीसुद्धा बातमी होती, हे लक्षात घेतले म्हणजे हे घर किती पुढारलेले होते ते कळते. कॉलेजात असतानाच त्यांचे लग्न झाले आणि त्या खोटे यांच्या घरी आल्या. तेही मुंबईतले तालेवार घराणे. पती विश्वनाथ खोटे बनारसहून इंजिनिअर होऊन आलेले. सगळे कसे जुळून आलेले.

पण दिवस फिरले. सासरची संपत्ती गेली आणि चालता संसार अडचणीत आला. पदरी बकुळ आणि हरिन हे दोन लहान मुलगे. पुढे पतीही अकाली गेले आणि घराचा भार एकट्या दुर्गाबाईंवर पडला. माहेर श्रीमंत होते, पण किती दिवस कोणाकडे हात पसरायचा? दुर्गाबाईंनी प्रथम शिकवण्या केल्या. शिकलेल्या बाईला अब्रूने चार पैसे मिळवण्याचा तेवढाच एक मार्ग होता.

हे वाचताना आपल्या मस्कतमधील कित्येक भगिनींना स्वतःचे दिवस आठवतील. पदवीचे भेंडोळे बॅगेत घालून नवऱ्याच्या व्हिसावर येथे यायचे, आणि मग शिकवण्या, शिवणकाम, डबे, असे जे जमेल ते करून घराला हातभार लावायचा. तेव्हा शिकवणीच्या पैशात भागत नाही म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

एक वाईट चित्रपट

१९३१ हे साल आपल्या चित्रपटसृष्टीत मोठ्या उलथापालथीचे. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि मुक्या पडद्याला वाचा फुटली. त्याआधीच्या मूकपटांत नुसता चेहरा आणि हावभाव पुरत. आता नटीला शुद्ध हिंदी किंवा मराठी बोलता यायला हवे होते, आणि गातासुद्धा यायला हवे होते, कारण पार्श्वगायनाची सोय अजून व्हायची होती. निर्मात्यांची शोधाशोध सुरू झाली.

या धांदलीत दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात दुर्गाबाईंना एक छोटेसे काम मिळाले. काम छोटे, पैशाची गरज मोठी. त्यांनी होकार दिला. बाकीच्या चित्रपटात काय आहे याची त्यांना पुरेशी कल्पना नव्हती. निर्मात्यांनी मात्र एक गोष्ट बरोबर हेरली. जाहिरातीत त्यांनी बाईंच्या कामाविषयी फारसे काही लिहिले नाही. लाड सॉलिसिटरांची कन्या आणि खोटे घराण्याची सून पडद्यावर येत आहे, हेच मोठ्या अक्षरात छापले.

चित्रपट सुमार निघाला. बोभाटा मात्र जबरदस्त झाला. गिरगावात, समाजात, दोन्ही घराण्यांच्या नातेवाइकांत, जो तो नावे ठेवू लागला. गंमत पाहा. ज्या प्रतिष्ठेला धक्का लागला म्हणून ओरड होत होती, तीच प्रतिष्ठा तिकिटे खपवण्यासाठी वापरली गेली होती. आणि दोन्हीकडून बोल बसले ते एकट्या दुर्गाबाईंना.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. दुर्गाबाई चित्रपटात आलेल्या पहिल्या स्त्री नव्हेत, पहिल्या मराठी स्त्रीही नव्हेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. पण त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) या मायलेकी पडद्यावर आल्या. आपल्या विक्रम गोखल्यांच्या या पणजी आणि आजी. त्यानंतर सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स, झुबेदा, गोहर अशा कितीतरी स्त्रियांनी मूकपटाचा डोलारा आपल्या खांद्यावर पेलला. दुर्गाबाईंना 'चित्रपटात आलेली पहिली खानदानी स्त्री' म्हणण्याची पद्धत आहे. त्यात त्यांचा गौरव असला, तरी आधीच्या या सगळ्याजणींवर नकळत अन्याय होतो. कष्ट त्यांनीही तेवढेच केले होते. त्यांच्यामागे जाहिरातीत छापण्याजोगे आडनाव नव्हते, इतकेच.

कोल्हापूरचे बोलावणे

अशा बदनामीनंतर एखादी बाई घरात दार लावून बसली असती. दुर्गाबाईंना दुसरी संधी आली ती कोल्हापूरहून. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी तेथे प्रभात फिल्म कंपनी काढली होती. ही मंडळी आपला पहिला बोलपट काढत होती. कथा पुन्हा राजा हरिश्चंद्राचीच. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या भूमिकेत, संगीतही त्यांचेच. शांतारामबापूंनी तारामतीसाठी दुर्गाबाईंची निवड केली.

ज्या बाईला महिन्याभरापूर्वी लोक नको ते बोलत होते, तिला महाराष्ट्रातल्या सर्वांत सोज्ज्वळ पौराणिक स्त्रीची भूमिका द्यायची, याला छाती लागते. आणि ती घ्यायला त्याहून मोठी.

'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. दोन भाषांत म्हणजे आजच्यासारखे डबिंग नव्हे. प्रत्येक प्रसंग एकदा मराठीत आणि पुन्हा हिंदीत चित्रित करायचा. ध्वनिमुद्रण दामलेमामांकडे. गाणी नटनटींनीच कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यात दुर्गाबाई काही मुरलेल्या गायिका नव्हत्या. गेल्या वर्षी ज्यांनी कॅमेरा जेमतेम पाहिला होता, त्या बाईंनी राणी, दासी आणि पुत्रशोकाने व्याकूळ झालेली आई ही तिन्ही रूपे दोन भाषांत उभी केली.

चित्रपट तुफान चालला आणि बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद झाली. अण्णा साळुंक्यांनी लुगडे नेसून जी तारामती केली, ती एकोणीस वर्षांनी एका शिकल्यासवरल्या बाईने स्वतःच्या आवाजात उभी केली. मराठी बोलपटाचा इतिहास येथूनच सुरू होतो. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र आपल्या सुदैवाने आजही पाहायला मिळतो.

त्याच वर्षी प्रभातचाच 'माया मच्छिंद्र' आला. त्यात दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी झाल्या आणि त्यांच्याजवळ पाळलेला चित्ता! कालपर्यंत तारामती म्हणून डोळे पुसणारे प्रेक्षक आता या राणीकडे डोळे विस्फारून पाहू लागले. एकाच साच्यात बसायचे नाही, हे दुर्गाबाईंनी पहिल्या वर्षातच ठरवलेले दिसते.

कोणाच्याही दावणीला नाही

त्या काळची पद्धत आपल्या आजच्या कंपन्यांसारखीच होती. नट, नटी, लेखक, वादक, सगळे एखाद्या स्टुडिओचे पगारी नोकर. महिन्याचा पगार ठरलेला, करार वर्षांचा, आणि मालक सांगेल ते काम करायचे. येथे स्पॉन्सर हा शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे अधिक काय सांगावे! दुर्गाबाईंनी मात्र या पद्धतीला फाटा दिला आणि एका कंपनीची कायमची बांधिलकी न पत्करता जेथे चांगले काम तेथे जायचे असे ठरवले. त्या काळात, त्यातही एका बाईने, असे स्वतंत्रपणे काम करणे हे धाडसच होते. पगाराची हमी नव्हती आणि घरी दोन मुले होती.

कामासाठी त्यांनी कलकत्त्याची वाट धरली. आगगाडीचा दोन दिवसांचा प्रवास, भाषा परकी, माणसे परकी. तेथे न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये (१९३३) त्या मीरा झाल्या आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'मध्ये (१९३४) सीता. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस आणि दोन्हींमध्ये नायक पृथ्वीराज कपूर. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. देवकी बोस यांच्याच 'इन्किलाब'मध्ये (१९३५) दुर्गाबाई आणि पृथ्वीराज यांच्याबरोबर एक दहा वर्षांचा गोरागोमटा मुलगाही कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभा राहिला. तो पृथ्वीराजांचा थोरला, राज. या मुलाला लक्षात ठेवावे, तो पुढे येणार आहे.

प्रभात आता कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. तेथे १९३६ मध्ये शांतारामबापूंनी 'अमर ज्योती' काढला. आमच्या मते दुर्गाबाईंच्या तरुणपणातील ही सर्वांत जबरदस्त भूमिका. सौदामिनी नावाची एक स्त्री. राज्याचा कायदा पुरुषांच्या बाजूचा. तिचे मूल तिच्यापासून हिरावले जाते, दाद मागितली तर न्याय मिळत नाही. तेव्हा ती समुद्रावर जाऊन चाच्यांची नायिका बनते आणि ज्याने तिला न्याय नाकारला त्या मंत्री दुर्जयावर सूड उगवते. दुर्जय झाले होते मोठ्या घाऱ्या डोळ्यांचे चंद्रमोहन. राजकन्येच्या भूमिकेत शांता आपटे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

मत्रहच्या कॉर्निशवर संध्याकाळी फिरायला गेलो की बंदरात उभ्या असलेल्या लाकडी गलबतांकडे आणि डोंगरावरच्या पोर्तुगीज काळातील किल्ल्याकडे पाहताना आम्हांला हटकून सौदामिनीची आठवण होते. पदर खोचून, हातात शस्त्र घेऊन जहाजावर हुकूम सोडणारी बाई, तीही १९३६ मध्ये! त्या वेळी आपल्याकडे हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. ती देशभर झाली १९५५ मध्ये. सौदामिनीचा संताप हा नुसता नाटकी संताप नव्हता, प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी बायकांच्या पोटात तो होता.

याच सुमारास दुर्गाबाईंनी निर्मितीतही पाऊल टाकले. नटराज सिनेटोनचा 'सवंगडी', हिंदीत 'साथी', हा चित्रपट त्यांच्या पुढाकाराने निघाला. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या आडनावाची दुसऱ्यांनी जाहिरात केली, त्या आता स्वतःच निर्मात्या झाल्या होत्या.

सीता होती, कैकेयी झाली

नटीचे वय वाढते तशी कामे कमी होतात, ही तक्रार आजही ऐकू येते. दुर्गाबाईंनी यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. तरुण दिसण्याचा अट्टहास त्यांनी केला नाही. छत्तिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये (हिंदीत 'चरणों की दासी') त्या चक्क सुनेला छळणारी सासू झाल्या! सून होती वनमाला. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांना लोकांनी सीता म्हणून हात जोडले, त्यांनी आता रामाला वनवासाला पाठवले. शोभना समर्थ त्यात सीता होत्या. बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने या दोन्ही चित्रपटांसाठी दुर्गाबाईंना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. नायिकेचे सिंहासन सोडून त्या खाली उतरल्या नाहीत, दुसऱ्या सिंहासनावर जाऊन बसल्या, एवढेच. १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मधली त्यांची मृणालवती पाहिलेली जुनी मंडळी तिच्याविषयी भरभरून बोलत.

मग आईच्या भूमिका सुरू झाल्या. १९४६ मध्ये प्रभातच्या 'हम एक हैं' मध्ये वेगवेगळ्या धर्मांची अनाथ मुले एका घरात वाढवणारी आई त्यांनी केली. त्या मुलांपैकी एक नवखा पोरगा होता देव आनंद, त्याचा तो पहिला चित्रपट.

येथे एक गोष्ट गमतीची वाटते. हिंदी पडद्यावरची आई पुढे कितीतरी वर्षे मराठी राहिली. दुर्गाबाई, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचनादीदी. पडद्यावर हिंदीत 'बेटा' म्हणणाऱ्या या साऱ्याजणी घरी 'बाळ' म्हणत असणार! आणि दुर्गाबाईंच्या पाठोपाठ चित्रपटात आलेल्या नायिका पाहा. शोभना समर्थ, पदवीधर लीला चिटणीस, वैद्यकीय शिक्षण सोडून आलेल्या स्नेहप्रभा प्रधान, बी. ए. झालेल्या वनमाला. १९३१ मध्ये जे दार किलकिले करण्यासाठी एका बाईने शिव्याशाप खाल्ले, त्यातून दहा वर्षांत शिकलेल्या मुली डोके ताठ ठेवून आत आल्या.

अकबराची राणी, बॉबीची आजी

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात 'मुगल-ए-आझम' लागला. आपल्या आजी ज्यांना राजमाता म्हणतात त्या याच. अकबर पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई दुर्गा खोटे. 'सीता'मधले राम आणि सीता सव्वीस वर्षांनी पुन्हा नवराबायको झाले. या चित्रपटाविषयी बोलताना मधुबाला आणि दिलीपकुमारच्या पलीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. पण पुन्हा पाहाल तेव्हा जोधाबाईंकडे पाहा. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा, आणि दोघांच्या मध्ये होरपळणारी बाई. मोठ्याने आक्रोश नाही, हातवारे नाहीत. सरळ ताठ मान आणि डोळ्यांत सगळे. तारामतीची भूमिका करताना जे कमावले, ते येथे तीन दशकांनी पिकून आलेले दिसते.

कपूर घराण्याशी त्यांचे हे नाते पुढेही चालू राहिले. १९६३ मध्ये आयव्हरी-मर्चंट यांच्या 'द हाउसहोल्डर' या इंग्रजी चित्रपटात त्या शशी कपूरची आई झाल्या. आणि १९७३ मध्ये राज कपूरने 'बॉबी' काढला तेव्हा बॉबीची आजी, गोव्याच्या मिसेस ब्रगँझा, म्हणून त्यांनाच बोलावले. ज्या दहा वर्षांच्या पोराबरोबर त्यांनी 'इन्किलाब' केला, तो आता अडतीस वर्षांनी त्यांचा दिग्दर्शक होता आणि समोर नायक म्हणून त्याचा मुलगा ऋषी! एका कुटुंबाच्या तीन पिढ्या आल्या, पण दुर्गाबाई होत्या तेथेच होत्या. गोव्याकडचे मूळ असलेल्या या बाईंना फ्रॉक घातलेली गोव्याची ख्रिस्ती आजी किती सहज जमली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. १९८० च्या 'कर्ज'मध्ये तर गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई म्हणून त्या पुन्हा ऋषीसमोर उभ्या राहिल्या.

त्याच काळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बावर्ची' (१९७२) आणि 'अभिमान' (१९७३) मध्ये त्या दिसल्या. 'बिदाई'साठी (१९७४) उत्कृष्ट सहअभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आमच्या पिढीने दुर्गाबाईंना ओळखले ते याच चित्रपटांतून. रुवीतून भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, अर्धे चित्र मुंग्यांनी भरलेले, आणि त्यात ही पांढऱ्या केसांची प्रसन्न बाई. तिने एकेकाळी चित्ता बाळगला होता, हे आम्हांला कोणी सांगितले असते तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

चित्रपटांइतकेच त्यांनी रंगभूमीवरही प्रेम केले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी काम केले. 'भाऊबंदकी' आणि शेक्सपिअरच्या मॅक्बेथवरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेले 'राजमुकुट' ही त्यांपैकी महत्त्वाची नाटके. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री, आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, असे सन्मान चालत आले. फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या देविकाराणी, रूबी मायर्स आणि काननदेवी यांच्यानंतरच्या त्या चौथ्या अभिनेत्री. ज्यांनी त्यांना तारामती केले त्या शांतारामबापूंना हा पुरस्कार दोन वर्षांनी मिळाला.

आणि १९५२ पासून त्यांनी स्वतःची माहितीपट आणि जाहिरातपट काढणारी कंपनीही चालवली. पुढे तिचेच नाव दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स झाले. दूरदर्शनवर १९८८ मध्ये लागलेली 'वागले की दुनिया' ही मालिका याच कंपनीची. घरी गेलो की आपण ज्या मालिकेसाठी धावतपळत टीव्हीसमोर बसत असू, तिच्यामागेही दुर्गाबाईंचेच नाव होते!

वैयक्तिक आयुष्याने मात्र त्यांना घाव दिले. मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. नाट्यक्षेत्रातल्या विजयाबाई मेहता या हरिनच्या पत्नी, म्हणजे दुर्गाबाईंच्या सूनबाई. अखेरची वर्षे दुर्गाबाई अलिबागला राहिल्या. तारुण्यापासूनचा सगळा जमाखर्च त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात मांडला आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००६ मध्ये निघाला. आपल्या इथल्या मुलांना मराठी वाचणे जड जात असेल तर त्यांच्या हाती तो जरूर द्यावा. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. पन्नास वर्षांची कारकीर्द आणि दोनशेच्या घरात चित्रपट.

पुन्हा आजींकडे

हा मजकूर झेरॉक्सला देण्यापूर्वी आम्ही तो आजींना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आम्हांला वाटले, झोपल्या. पण संपल्यावर म्हणाल्या, "शिकवण्या करायच्या त्या? आणि भागेना म्हणून गेल्या? हे मला ठाऊक नव्हतं हो. मी समजत होते, मोठ्या घरची बाई, हौस म्हणून आली असेल."

आम्हांला वाटते, सगळे मर्म येथेच आहे. आपण दुर्गाबाईंना मोठे मानतो ते त्यांच्या घराण्यामुळे, आणि गरजेपोटी केलेले काम मात्र लपवण्याजोगे समजतो. प्रत्यक्षात उलटे घडले. घराण्याच्या नावाने त्यांना पहिल्या चित्रपटात बदनामीच मिळवून दिली. त्यांना तारले ते गरजेपोटी पत्करलेल्या आणि मग जीव ओतून केलेल्या कामाने. आपण सर्वजण समुद्र ओलांडून येथे आलो ते तरी कशासाठी? पोटासाठीच ना? मग पोटासाठी केलेल्या प्रामाणिक कामाविषयी कमीपणा वाटून घ्यायचे काय कारण?

नातीचा निर्णय अजून व्हायचा आहे. आई डिग्रीवर अडून आहे, वडील अजून गप्पच आहेत. आजींचा व्हिसा मात्र या महिन्यात संपतो. निघण्यापूर्वी एकदा 'अयोध्येचा राजा' पाहायचा, असे त्यांनी नातीला सांगितले आहे, आणि तोही तिच्या शेजारी बसून.

म्हणून पुढच्या बैठकीत चहापानानंतर तो चित्रपट सर्वांनी मिळून पाहायचे ठरवले आहे. चित्र जुने आहे, आवाज थोडा खरखरतो, तेव्हा लहान मुलांना जरा समजावून आणावे. ज्यांच्या घरी प्रभातच्या काळच्या आठवणी असलेले कोणी वडीलधारे असतील, त्यांनी त्यांना आवर्जून घेऊन यावे. आणि कोणाकडे दुर्गाबाईंचे चांगले छायाचित्र असेल तर तेही आणावे. झेरॉक्समध्ये येणार नाही, पण हातोहात फिरवून पाहता तर येईल!